पाठपोट

लूशियसमामा गेल्यावर तळघरात
एकशे बेचाळीस पाट्या निघाल्या.
पत्र्याच्या, प्लायवूडच्या,
एक तर शाळेच्या बाकाची फळी.

टोलेडोच्या आमच्या काळ्या वस्तीत
त्याला सगळे पेंटर म्हणत,
म्हणजे अक्षरं काढणारा.
सलून, बेकरी, दफनगृह,
"ताजा पर्च, शुक्रवारी तळून मिळेल" –
सगळं त्याच्या ब्रशाखालून गेलेलं.
दुकान बुडालं, मालक बदलला,
की मजुरीतले पाच डॉलर सोडून
तो जुनी पाटी मागून घ्यायचा
आणि रात्री तिच्या पाठीवर
माणूस काढायचा.
सलूनच्या खांबाचा उरलेला तांबडा,
बेकरीचा पिवळा, बोटभर काळा –
यातून तो मिसळायचा आमची कातडी.
एकीचा रंग दुसरीसारखा नाही.

पाठकोरं असं त्याच्याकडे काही उरतच नसे.

आधी एक गृहस्थ आले शिकागोहून.
भारी बूट, ओल्या पायऱ्यांवर जपून जपून.
त्यांना फक्त चेहरे हवे होते.
अक्षरं भिंतीकडे तोंड करून राहतील, म्हणाले,
थंड कोरड्या खोलीत;
बघायचं कुणाला, तर अर्ज करावा.
रक्कम बरी होती. नवं छप्पर झालं असतं.
दोन रात्री झोपले नाही, हे कबूल करते.
तिसऱ्या दिवशी नाही म्हटलं
आणि गळतीखाली बादली सरकवली.

मग रेनिता आली, आमच्याच ग्रंथालयातली.
सुती हातमोजे, मऊ ब्रश,
बुरशी पुसताना श्वास धरून ठेवणारी.
आणि एक छापील फॉर्म.
लांबी. रुंदी. साल, नाहीतर अंदाजे.
पुढची बाजू –
इथे तिचं पेन अडलं.
"पुढची कुठली?"

मी म्हटलं, भाडं एका बाजूनं निघालं
आणि झोप दुसऱ्या बाजूनं गेली.
पोट कुठलं, पाठ कुठली,
त्यालाच कधी ठरवता आलं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही त्या टांगल्या,
आढ्याला दोऱ्या बांधून,
भोवती फिरता येईल अशा.
प्रत्येकीखाली कोरं कार्ड, पेन्सिल:
ओळखत असाल तर लिहा.

लोक आले ते अक्षरं वाचत आले.
रुंदीकरणात गेलेला आख्खा रस्ता
हॉलभर उभा, फक्त क्रम चुकलेला.
ऑर्विल गेन्स, वय एकोणनव्वद, काठी आपटून म्हणाले,
"औषधवाला बेकरीच्या पलीकडे नव्हता, अलीकडे होता."
शिडी मागवली.
दुपारपर्यंत तिघा म्हाताऱ्यांनी भांडत भांडत
रस्ता लावून दिला,
आणि मागच्या बाजूला, आपोआप,
कोण कुणाच्या शेजारी राहायचं तेही.

पर्चच्या पाटीपाशी क्लीओटा मिम्स थांबली.
नऊ वर्षांची असताना
इथे खवलं काढायची ती.
वळसा घालून मागे गेली. गप्प.
मागे अर्धे कर्लर सोडलेली बाई,
कुणीतरी हाक मारल्यासारखी बघणारी.
क्लीओटानं कार्डावर लिहिलं:
"डेल्फीन. माशांची उधारी बाकी."

एक बाई मात्र अकरा पाट्यांवर होती.
तरुण, मग जाड, मग चष्म्यातली.
तिच्यापाशी प्रत्येकानं पेन्सिल उचलली
आणि परत ठेवली.
"ओळखते," क्लीओटा म्हणाली,
"पण तिनंच कधी सांगितलं नाही, मी कोण?"
रेनितानं नावाच्या रकान्यात लिहिलं:
वस्तीला ठाऊक.

आता प्रती काढल्यात, पाठपोट छापून,
दोन डॉलरला एक,
नसतील तर तशीच न्या.
ऑर्विलच्या फ्रिजवर एक आहे,
चुंबकाखाली, अक्षरांची बाजू वर.
त्याची बायको मधूनच ती उलटी करते,
तो परत सुलटी करतो,
आणि सुलटी म्हणजे कुठली
यावरून जेवण थंड होतं.