दोन बाय एक बाय एक

"गोल भांडं नको," रियाज पटवेगार म्हणाला,
"गोलात मासा आपलीच शेपूट हुडकत मरतोय."
मिरज रस्त्यावरचं त्याचं दुकान,
भिंतभर निळे दिवे, आणि पारसचं नाक
काचेकाचेवर धुक्याचा एकेक ठिपका सोडत
पुढं सरकणारं.

लहानात लहान केवढी, मी विचारलं.
"लहानच अवघड असती, दादा.
पाणी कमी, तर चूक लपायला जागा कमी.
दोन बाय एक बाय एक न्या. छप्पन लिटर.
म्हणजे छप्पन किलो, वर काच, वर खडी.
टीपॉयवर ठेवू नका."

मी मार्केट यार्डातला, हळदीच्या काट्यावर वीस वर्षं.
पोतं नुसतं बघून वजन सांगतो.
पाण्याचं वजन मात्र कधी धरलं नव्हतं.
म्हणजे, एकदाच.

लोखंडी स्टँड, खाली थर्माकोल,
पन्नास वॅटचा हीटर, काचेच्या नळीत झोपलेला,
स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप,
आणि नळीत बसवायची एक एवढीशी झडप, वीस रुपयांची.
"लाईट गेली की पाणी उलटं चढतंय," रियाज म्हणाला.
मी झडपा दोन घेतल्या.

गावभागातल्या आमच्या घरात जागा एकच निघाली.
खिडकीशी ऊन, दाराशी धक्के,
देव्हाऱ्याशेजारी आई नको म्हणाली.
"पाणी गाळून पिणारी माणसं आपण,
आणि जीव कोंडणार?"
उरली ती भिंत, जिच्यावर
तीनदा रंग देऊनही छातीच्या उंचीवर
एक पिवळी रेघ दमट हवेत वर येते.
त्या वर्षी गोदामातली सगळी हळद
गल्लीच्या पाण्यात विरघळली होती.
पाणी उतरल्यावर आठवडाभर
आमचं घर लग्नाचं दिसत होतं.

खडी पारसनं धुतली, तांदूळ धुवावेत तशी,
सात पाण्यांनी. आठवं निवळ आलं.
मग मी नळ सोडला.
हेही कृष्णेचंच, फक्त बोलावलेलं,
बादलीनं मोजून आणलेलं,
ताटलीवर हळू ओतलेलं, खडीला कळू नये असं.
त्यात क्लोरीन मारायचे थेंब.
पाण्याची कड चढत चढत
रेघेच्या चार बोटं खाली थांबली.
थांबली कसली, मी थांबवली.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं.
मासे अजून एकही नव्हते, रियाजनं विकलेच नव्हते.
"आधी पाणी पिकू दे. तीन आठवडे."
नुसती खडी, नुसतं लाकूड,
आणि पारस शाळेतून आला की: आज?
रात्री दहाला मी तुरटी हातात घेऊन फोन लावला.
"काय करू नका दादा, हात काढा त्यातनं.
आपलं आपण निवळतंय."

तीन आठवडे रात्रभर बुडबुड ऐकत पडायचो.
जाग आली की आधी पाय खाली सोडून बघायचो,
फरशी कोरडी आहे का.

सहा निऑन आणले पिशवीतून.
पिशवी वीस मिनिटं तशीच तरंगत ठेवली,
आतलं आणि बाहेरचं पाणी
एकमेकांना सोसेल इतकं होईपर्यंत.
आईनं खाद्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर
भिंग लावून वाचलं. अळ्यांचा डबा परत गेला,
शेवाळाच्या गोळ्या राहिल्या.
कोंडण्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही,
पण खुर्ची तिकडं वळवून बसते.

परवा रात्री लाईट गेली. बुडबुड थांबली.
मी उठलो, अंधारात नळी चाचपली,
झडपेच्या खाली, झडपेच्या वर.
वरची कोरडी होती.
"अरे, झोपलेत का ते?" आई पलीकडून.
कळत नाही, म्हणालो, पापण्या नसतात त्यांना.
बॅटरी उशाशीच होती. लावली नाही.
एकदम उजेड केला की दचकतात,
रियाजनं सांगितलंय.