शून्य ते दहा

संमतीपत्र गुजरातीत आहे, हिंदीत आहे.
मराठीत नाही. मीच सांगत जाते
शिर्केकाकांना, आमच्या दांडिया बाजारच्या बोलीत:
दोन गट. एका बाटलीत नवं औषध,
दुसरीत नेहमीचं. तुमच्या वाट्याला कुठलं,
मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही.
‘म्हणजे सगळेच आंधळे,’ म्हणतात, आणि सही करतात
पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून.

फुप्फुसातून निघालेलं
आता कमरेच्या तिसऱ्या मणक्यात.

दुखणं किती? शून्य ते दहा.
ते आकडा देत नाहीत.
रात्री ठणका. उठताना सणक.
खोकला आला की कळ थेट टाचेपर्यंत.
‘आणि बसून राहिलो तर नुसतं ठसठसतं,
त्याला किती देणार?’
रकाना एकच आहे.

एकतीस वर्षं प्रतापनगरच्या यार्डात
हातोडीनं डब्यांची चाकं वाजवली त्यांनी.
धड चाक बराच वेळ गात राहतं.
तडा असला तर आवाज जागीच बसतो;
मग त्यावर खडूची फुली.
‘डोळ्याला दिसायच्या आत कानाला कळतं, बेन.’

सातवी भेट. बाटली टांगलेली.
काका नखानं सलाइनच्या दांडीवर टिचकी मारतात,
मान तिरकी करून ऐकतात.
पंखा बंद करायला सांगतात. करते.
मग हात मागे नेऊन
स्वतःच्या कमरेवर, हलकेच, दोन बोटं.

बराच वेळ.

‘सहा लिहा,’ म्हणतात. ‘पेन्सिलीनं.’

मी पेननं लिहिते. नियम आहे.