ळ

शनिवार, अकरा ते एक. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं :
चित्रकला कार्यशाला, निःशुल्क.
दौलतगंजातली माणसं निःशुल्कला बिचकतात.
एक आई तीनदा विचारून गेली,
बाद में कुछ ख़रीदना तो नहीं पड़ेगा?
म्हटलं, नाही हो. वाटलं तर पाणीसुद्धा पिऊन जा.

अकरा पोरं आली.
तरन्नुम मॅडम आल्या, ब्रशांचा डबा
तान्ह्या मुलासारखा कडेवर घेऊन.
कागद आले नाहीत.
कागदांची फाइल अजून कुणाच्या तरी टेबलावर
सहीची वाट बघत झोपली होती.

तेव्हा साहेबांनी बोट दाखवलं जिन्याखालच्या कपाटाकडे.
साठ खण, पितळी कड्या,
आत माझी बावीस वर्षं,
पाच बाय तीन इंचांची, खाली भोक पाडलेली.
अब तो सब कंप्यूटर में है, पिंगले जी.
पीछे से कोरे ही हैं.

खरं होतं. मागून कोरेच होते.
मी मराठी विभागाचे खण उपसले.
वाईट वाटलं का? थोडं.
खणातल्या पालीनं माझ्यापेक्षा जास्त आकांत केला.

गजक खाल्लेल्या चिकट हातांनी
पोरं उंट काढू लागली, किल्ला, विराट छक्के.
लोकेंद्रनं मात्र कार्ड उलटलंच नाही.
माझ्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाला,
आंटी, ये चश्मा किसने बनाया?

विषय : केळी, लागवड.

के त्याला वाचता आला होता.
पुढे चष्मा. दोरीवर वाळत घातलेला.

चश्मा नहीं बेटा, अक्षर है.
ऐसा अक्षर होता ही नहीं,
तिसरीतल्या मुलाच्या पुऱ्या खात्रीनं तो म्हणाला.

मी वाद घातला नाही.
पंचावन्न वर्षं या गावात काढली,
रेशनकार्डावर, वीजबिलावर, पेन्शनच्या अर्जावर
मी पिंगलेच आहे.
घरी नातू म्हणतो, आजी, कललं,
आणि मला कळतं.
भागतं.

पण मॅडम म्हणाल्या, बोलके दिखाइए ना.

म्हणून सांगितलं, जीभ मागे वळवायची,
टाळूला नुसतं शिवून सोडून द्यायची,
तव्यावरच्या पोळीला बोट लावतो तसं. चटका बसायच्या आत.
अकरा तोंडं वासली.
कुणाचा ड आला, कुणाचा र,
सादिकला ठसका लागला,
आणि कोपऱ्यातल्या शैलजाचा, जी सकाळपासून
एक शब्द बोलली नव्हती,
अचानक, स्वच्छ, ओला : ळ.

मग थांबेचनात.
केळं. गूळ. बाळ. काळा. माळावरचं मुळामुळा काहीबाही,
अर्थ कुणाला हवा होता.
मौन रखें या पाटीखालचे पेपरवाले आजोबा
चष्म्यावरून बघू लागले. खऱ्या चष्म्यावरून.
साहेब दारात येऊन गेले, आले, परत गेले.

चित्रंही मग त्याचीच झाली.
दोन जिलब्या. खुंटीला टांगलेली सायकल.
उंटाच्या नाकावर गॉगल.
शैलजानं काढल्या एका गोधडीखालच्या दोघी बहिणी,
पाठीला पाठ लावून, रुसलेल्या.
सुतळीवर चिमटे लावून सगळी कार्डं टांगली.
पंख्याचा वारा आला की उलटतात
आणि मागून माझं अक्षर दिसतं :
केळी, लागवड. मुळाक्षरे. टोळ, उपद्रव.

संध्याकाळी हजेरीची वही बंद करायला घेतली.
ही वही वर जाते, किती मुलं आली ते मोजायला.
ळोकेंद्र तोमर.
शैळजा कुशवाह.
विमळ. कमळेश. मृदुळा.
सादिकच्या नावात जागाच नव्हती,
त्यानं शेवटी एक जोडून दिला. सादिकळ ख़ान.

खोडरबर हातात होतं.
खाली शिक्का मारला, सही केली,
पुढच्या शनिवारी माती आहे, तीही फुकट,
बादल्या आजच सांगून ठेवायला हव्यात.

सोमवारी वरचा कारकून विचारेल,
मैडम, ये क्या है?
चश्मा, म्हणेन.