लोणा

बसा, विसाजी. त्या टोपलीवर नको,
खाली कळी आहे, विझवलेली नाही अजून.
घामाचा थेंब पडला तरी फुसफुसते.

तुम्ही विचारता, खाडीकडच्या तटाला
लोणा कसा लागला. हात लावला की पीठ येतं.
टोपीकराने लिहून धाडलंय म्हणे,
चुनकरीण चोर आहे का ते बघा.
चोर असते तर छपराला अजून झावळ्या असत्या का?

माझ्या आजीने फिरंग्यांसाठी भट्ट्या लावल्या,
तिकडे, वांद्र्याच्या टोकावर.
ओहोटीला कोयती घेऊन खडपात उतरायची.
कालवांची शिंपलं, खुबे, तिसऱ्या, सगळं चालायचं.
शिंपल्यांचा थर, सोडणांचा थर, वर भाताचा तूस.
तीन रात्री धूर. इगर्जीतला पाद्री खोकून खोकून हैराण.
मोबदला बुजरुकांत, त्यातले अर्धे खोटे.

मग एका राजाने दुसऱ्याला बेट आंदण दिलं.
आंदणात भांडी देतात, गाय देतात.
आम्ही भट्टीसकट गेलो.
खाडी तीच, पण दोन्ही काठांवर जकात उगवली,
एका होडीला दोन पावत्या,
आणि शिंपल्यात मांस नाही हे
दोघांनाही उघडून दाखवावं लागे.

मी नऊ वर्षांची, तेव्हा हबशी आला.
शिवडीला उतरला, माझगावला जेवला,
माहीमला पोचला तर तोफा होत्या, माणसं नव्हती.
पदाजीमामा भंडाऱ्यांच्या शिबंदीत.
तो भोंगळी फुंकत पळाला, की फुंकता फुंकता मेला,
दोन्ही सांगणारे भेटले.

तट त्यांनीच फोडला. आत शिरल्यावर
तो त्यांनाच बुजवून हवा झाला.
आईला नेलं, वेणीला धरून.
विहीर त्यांच्या घोड्यांना. आम्हा चौघांत
दिवसाला एक तांब्या.
कळी विझवायला पाणी लागतं, विसाजी, गोडं.
फऱ्याला दोन हंडे. मग महिनाभर मुरत ठेवायची,
गूळ घालायचा. हे लिहिता का वहीत कधी?

आई हंडा घेऊन उठली, खाडीकडे चालू लागली.
मी मागून. भरती होती.
गुडघाभर पाण्यात जाऊन तिने हंडा बुडवला.
परतताना मी म्हटलं, आई, खारं आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच.
तहानेपायी, की मामापायी,
मला विचारायचं सुचलं नाही,
आणि सुचलं तेव्हा ती नव्हती.

त्या रात्री कळी उकळली तशी पुन्हा कधी नाही.
आईच्या बोटांची कातडी सुटून आली.
चुना मात्र दिसायला लोण्यासारखा.
त्यांचा मुकादम खूश झाला, तिला एक खारीक दिली.
ती मी खाल्ली.

तेव्हापासून पन्नास वर्षं
तुम्ही तिथे ठिगळं लावताय.
दर पावसाळा सरला की
भिंत पांढरा घाम गाळते.
गवंडी म्हणतात, भूत आहे.
मी जीभ लावून पाहिलंय.

परवापासून पलीकडून धडाडधूम ऐकू येतं.
फिरंग्यांचा तट पाडतायत,
घाटावरची घोडी वसईला आलीत,
त्यांना आयता सापडू नये म्हणून.
आजीचा चुना आहे तो. सहज सुटत नाही.
सुरुंगावर सुरुंग लावतायत.
मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

हं, लिहा. चिमाय चुनकरीण, पंधरा फरे.
भाव मागच्या सालचाच.
पण विहिरीवरचा पहारा उठवा,
पाणी मला हवं तितकं.
गुळाची एक ढेप वेगळी.

नाही म्हणता?
बरं. राहू द्या.
खाडी जवळच आहे.