डिसेंबरातला

साहेबांनी फोटो पाठवला तो एप्रिलमधला,
वरचा, हिमालयाकडचा:
डोकं निळंशार, पोट विटकरी, पंखावर पांढरा चौकोन.
"असाच काढा. ट्रकवाल्यालाही लांबून दिसला पाहिजे."

सुर्ल्याच्या नाक्यावर भिंत तयार होती,
चुना सुकलेला.
बेळगावहून भाजी घेऊन उतरणारे ट्रक
धुक्यात दिवे लावून चालले होते.
सगुण माजीक, नाक्यावरचा गार्ड, म्हणाला,
"येतो तो. सातला. त्या जळक्या ठुंट्यावर."

तीन सकाळी कुणी नाही.
चौथ्या दिवशी आला,
आणि निळा नव्हताच.
पिसापिसाला मातकट किनार,
जणू कुणी अख्खा पक्षी राखेत घोळवून ठेवलेला.
पांढरा चौकोन तेवढा उघडा.
शेपटी एकदा हलवली, सावकाश,
एक मुंगळा टिपला,
माझ्याकडे एकाच डोळ्याने पाहिलं,
उसने पैसे घेतलेला माणूस बाजारात पाहतो तसं.

"हा?"
"बाये, होच तो," सगुण म्हणाला.
"मार्चापर्यंत ही किनार झिजते,
झाडोऱ्यात शिरून शिरून.
नवं पीस येत नाही. आतलाच निळा बाहेर पडतो.
आणि पुरता निळा झाला
की जातो.
आमच्या वाट्याला हा असाच."

दामू च्यारींच्या हाताखाली मी कावी शिकले.
देवळाच्या भिंतीवर ओला चुना, त्यावर तांबडी काव,
मग लोखंडी काट्याने खरवडायचं.
"तू काही काढत नाहीस," ते ओरडायचे,
"वरचं घालवतेस फक्त. हात हलका ठेव!"

पहिल्या दिवशी मी साहेबांचा पक्षी काढला,
फोटोबरहुकूम, पक्क्या रंगात.
दोन गाड्या थांबल्या, सेल्फी झाल्या.
दुसऱ्या दिवशी पहाटे
रस्त्याकडेची माती चाळली,
चुन्याच्या निवळीत कालवली,
आणि बारीक ब्रशने
एकेका पिसाला किनार दिली,
डोक्यापासून, संध्याकाळपर्यंत.
मान दुखून आली.
निळा आत गेला.

साहेब आले, चष्मा पुसला.
"हे विटलेलं का दिसतंय?"
मी म्हटलं, डिसेंबर आहे.
बिल अजून अडकलंय.

त्या भिंतीला शेळ्या अंग घासतात.
शाळेची पोरं येता-जाता हात फिरवतात,
कंडक्टर पाठ टेकून विडी ओढतो.
मी कुणाला हटकू नको म्हणून सांगून आले होते.

परवा सगुणचा फोन.
पाठीमागे ट्रकचा भोंगा, अर्धं ऐकू आलं:
"भिंतीवरचा निळा पडायला लागलाय, बाये.
आधी मान.
ठुंटा कालपासून रिकामा."