दहापैकी

सकाळी सात ते नऊ हेल्वी बोबडं बोलते.
म्हणजे हातांनी. आम्हा दोघांना दुसरी वाचा नाही.
आज खिडकीशी उभं राहून काहीतरी मागितलं.
मी दूध नेलं.
मान हलली.
मी चष्मा नेला.
तिनं तोंड फिरवलं; खांदे गदगदले, त्यावरून कळलं, हसतेय.
खिडकी लावून हवी होती.

कुओपिओच्या बहिऱ्यांच्या शाळेत
खुणा करताना सापडलं की बाई बोटांवर पट्टी मारायच्या:
ओठ हलवा, हात मागे!
आम्ही हात मागे घ्यायचो
आणि पाठीमागच्या बाकाशी बोलायचो.
बाईंच्या पट्टीला जे जमलं नाही
ते आता हा संधिवात करू बघतोय,
रोज थोडं, पेरापेरात शिरून.

सोमवार गोळ्यांचा. फ्रिजवर मी ठळक लिहून ठेवलंय:
आठवड्यातून एकदाच.
मंगळवारी फोलिकची पिवळी.
इंजेक्शन लोण्याच्या शेजारी असतं.
टोचायच्या आधी अर्धा तास दोन्ही बाहेर काढतो.
इंजेक्शन, लोणी आणि हेल्वी,
तिघं टेबलावर सैल व्हायची वाट बघतात.
महिन्याकाठी रक्त तपासायचं. यकृत ठीक आहे म्हणतात.
डब्यांची झाकणं मी रात्रीच ढिली करून ठेवतो.
तिला ते माहीत आहे. मला माहीत नाही असं ती दाखवते.

हात आखडता घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.
एक गोष्ट सांगायला निघाली की
अख्खी खोली लागायची तिला, दिव्याचं काचेचं झुंबर दोनदा फोडलंय.
आता वाक्यं काटकसरीनं करते.
‘कदाचित’ टाकून दिलं, ‘जर-तर’ टाकलं.
शिव्या तेवढ्या शाबूत आहेत,
त्या नुसत्या मनगटावर भागतात.

डॉक्टर कोर्पेला तरुण, भले.
मध्ये दुभाषी मरीत.
शून्य ते दहा, किती दुखतं?
हेल्वीनं दोन्ही हात वर केले
आणि उघडतील तेवढी बोटं उघडली.
डॉक्टरांनी मोजली.
सहा, लिहिलं त्यांनी.
मी उठलो. खुर्ची पडली असावी, सगळ्यांनी तिकडे पाहिलं.
उरलेल्या चारांना विचारा, मी म्हटलं.
ती का उघडली नाहीत, ते विचारा.
मरीतनं ते बोलून दाखवलं. किती मोठ्यानं, कोण जाणे.
डॉक्टर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले,
मग सहा खोडलं, आणि पुढे काहीच लिहिलं नाही.
त्या महिन्यात औषध बदललं.
नव्यानं बरं आहे. बरं म्हणजे,
आता नऊच्या ऐवजी साडेआठला बोलायला लागते.

दिवा घालवला की आम्ही एकमेकांच्या तळव्यात बोलायचो,
चाळीस वर्षं, एकही रात्र न चुकता.
तळवा आता धरवत नाही.
मग ती माझ्या पाठीवर उलट्या हातानं
वरून खाली एकदा ओढते.
त्याचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.

इल्ता, नात. तीन वर्षांची, कानांनी चांगली.
सातू कामावर जाते तेव्हा आमच्याकडे असते,
खुणा सगळ्या हेल्वीकडून शिकली.
रविवारी खिडकीबाहेर बोट दाखवून ‘बर्फ’ म्हणाली:
बोटं अर्धी मिटलेली,
अंगठा तळव्यात दुमडून.
सातूनं तिची बोटं धरून सरळ केली.
असं नाही गं, मोकळी सोड, भुरभुरू दे.
इल्तानं हात ओढून घेतला. भडकली.
आजी असंच म्हणते!

हेल्वीनं हात मागे नेले.
साठ वर्षांनी पहिल्यांदा मी तिला तसं उभं पाहिलं.
सातू माझ्याकडे बघायला लागली, मी बर्फाकडे.

मग तिनं ते पुढे आणले,
आणि पोरीसमोर वाकून, सावकाश,
चुकीचंच, म्हणाली:
बर्फ.