एक बोट

बोराडे काका नोट प्रेसमधून रिटायर झालेले.
घर जेलरोडला.
नोटा छापायचे दुसरे, हे फक्त बघायचे:
शाई फुटली, धागा सरकला, कोपरा दुमडला
की बाद.
ऑक्सिमीटरचा चिमटा लावला की ते बोट
आपसूक हलायचं, कागद पुढं सारल्यासारखं,
आणि आकडा पळून जायचा.
"काका, बोट हलवू नका."
"छत्तीस वर्षांचं वळण आहे सिस्टर,
तुमच्या चिमट्याला भिणार आहे होय?"

सूट चढवला की सगळ्या सारख्याच,
म्हणून पाठीवर मार्करनं नावं.
माझं वाचून काका मास्कमधनं हसले,
"गोदेच्या गावात यमुना ड्युटीला!"
मग खोकला. मग बराच वेळ खोकलाच.

सात नंबरला रेश्मा पगारे.
अंबडच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी गुंफायची.
दहाही नखं लालभडक,
चिमट्याला काही दिसेना.
मी स्पिरिटचा बोळा काढला तशी म्हणाली,
"सगळी नका पुसू हां.
पोरीनं लावलंय. व्हिडिओवर रोज मोजते."
मग एकच पुसलं. डाव्या हाताचं, मधलं.
ते उघडं नख तिनं दोन दिवस
चादरीखाली लपवून ठेवलं,
चुकून पदर सरकल्यासारखं.

आणि ती रात्र.
मशीन एक उरलेलं.
डॉक्टर आहेर, इंटर्नशिप संपून महिना झालेला,
बेसिनपाशी उभा राहून फोन लावत होता:
द्वारका. आडगाव. पाथर्डी फाटा.
पलीकडून काय म्हणाले ते
त्याच्या मानेवरूनच कळत होतं.
तीन वाजता काका एकोणऐंशी,
रेश्मा एक्क्याण्णव.
यात विचारायचं काय होतं?
मशीन आम्ही काकांकडं ढकलत नेलं,
त्याचं एक चाक कुरकुरत होतं,
अख्खा वॉर्ड जागा होऊन त्या चाकाकडं बघत होता.

साडेचारला रेश्मा चौऱ्याहत्तर.

तीन वाजता बरोबर होतं.
मी अजून हिशेब घालते, तीन वाजता बरोबरच होतं.
मधे कुणी काही चुकलं नाही,
नुसता दीड तास गेला.

काकांना झोप नव्हती.
पडद्याची हालचाल, पायांची पळापळ,
मग पळापळ थांबणं, सगळं ऐकलेलं.
मी सलाईन बघायला वाकले तर म्हणाले,
"सिस्टर, मला कुठल्या गड्डीत टाकलंय?"
मी सलाईन बघत राहिले.
थेंब, थेंब. तेही मोजायचेच असतात.

सकाळी तिला गुंडाळताना
हात शेवटी राहिले.
नऊ लाल, एक कोरं.
वैशाली म्हणाली, आवर, खाली गाडी थांबलीय.
बॅगेची चेन वर ओढताना
मी ते बोट इतर बोटांखाली सारलं.
का, ते विचारू नका.
आठ वाजता तिचा फोन वाजला. स्क्रीनवर 'परी'.
दोन ग्लोव्हजच्या आत माझे हात घामानं भिजलेले,
हिरवं बटण सरकेना.
खरं सांगायचं तर
मी फार प्रयत्नही केला नाही.

दीड वर्षानं, नाशिकरोडच्या भाजीबाजारात, काका.
वाळलेले, पण चालते.
कोथिंबीरवालीनं सुट्टे दिले,
त्यात एक दहाची, मधोमध फाटून चिकटपट्टीनं जोडलेली.
त्यांनी ती उजेडात धरली.
तेच बोट नोटेवरनं फिरलं.
"बदलून देऊ का, बाबा?"
"राहू दे. चालेल."
आणि घडी घालून वरच्या खिशात, जपून.

मग इकडं वळले. माझ्याकडं पाहिलं,
जसं कुठल्याही बाईकडं पाहतात तसं.
हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं होतं.
मी भेंडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि चालू लागले.
पाठीवर नाव नव्हतं.